रस्त्यावरचा पियानो आणि बाबांचा डावा हात

नीरव

परवा घरच्या ग्रुपवर मावसभावानं लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातल्या पियानोचा व्हिडिओ टाकला. पाठीला सॅक लावलेला एक पोरगा येतो, बसतो, दोन्ही हातांनी धुमाकूळ घालतो आणि गाडी पकडायला पळतो. सगळ्यांनी अंगठे, टाळ्या वगैरे दिल्या. बाबांनी (वय ८१, मुक्काम कराड, भजनी मंडळात पेटीवर पन्नास वर्षं) खाली एवढंच लिहिलं, "डावा हात बघा त्याचा." बाकीच्यांना काही कळलं नाही. मला आणि बायकोला हसू आवरेना. म्हणून हा धागा.

गोष्ट २०१३ ची. आम्ही तेव्हा बॉस्टनला होतो आणि आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. सप्टेंबर संपत आला आणि शहरात जागोजागी पियानो उगवले. एकूण ७५. बागेत, चौकात, फुटपाथवर. प्रत्येक वेगळ्या कलाकारानं रंगवलेला. प्रत्येकावर एकच मजकूर, अर्थ साधारण असा की 'मला वाजवा, मी तुमचाच आहे'. उपक्रमाचं नावही तेच. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, शेजारी दंडुका घेऊन कुणी उभा नाही.

हा ब्रिस्टलच्या ल्यूक जेरम या कलाकाराचा उद्योग. कल्पना सुचली ती कपडे धुण्याच्या दुकानात. तिकडे यंत्रात कपडे टाकून तासभर बाकावर बसायचं. दर शनिवार-रविवारी तीच माणसं, शेजारी शेजारी, आणि कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नाही. याच्या मनात आलं, इथे पियानो ठेवला तर? २००८ मध्ये बर्मिंगहॅमला १५ पियानो ठेवून सुरुवात केली आणि मग हे बिऱ्हाड गावोगाव निघालं. साओ पावलो, सिडनी, लंडन, २०१० मध्ये न्यूयॉर्कला ६०. टोरोंटोला २०१२ मध्ये बरोबर ४१, कारण तिथे पुढे भरणाऱ्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धेतले देश तितके. आजवर ७० च्या वर शहरं आणि २००० च्या वर पियानो झालेत.

गंमत म्हणजे पियानो एका शहरातून दुसऱ्या शहरात जात नाहीत. फिरते ती फक्त कल्पना. ज्या त्या गावानं आपापले जुने पियानो गोळा करायचे, स्थानिक कलाकारांकडून रंगवून घ्यायचे, सुरात लावून घ्यायचे, दोन-तीन आठवडे रस्त्यावर ठेवायचे आणि मग शाळांना, संस्थांना देऊन टाकायचे.

तर, बाबा. आमच्या घराजवळच्या चौकातला पियानो शेंदरी रंगाचा होता, त्यावर निळे मासे. पहिले दोन दिवस बाबा लांबूनच बघून आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हात लावला तर चालतं ना रे?" मी म्हटलं, लिहिलंयच तसं. तरी चार वेळा विचारून घेतलं.

बसले. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात आपोआप मागे गेला. भाता शोधायला. तिथे लाकडाची फळी. हात तसाच हवेत राहिला, मग मांडीवर आला, मग परत मागे गेला. पन्नास वर्षांची सवय. उजव्या हातानं एक पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. सूर वाजला आणि विझत गेला. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, हा सूर मरतोय."

पेटीवर भात्यात हवा आहे आणि बोट पट्टीवर आहे तोवर सूर जिवंत. पियानोत हातोडी तारेवर आपटली की तिचं काम संपलं. बाबांना हे पटेचना. त्यांनी तीनदा दाबून बघितलं.

मग कुठून तरी एक लहान मुलगी येऊन शेजारी टेकली, असेल सहा-सात वर्षांची. बाबांना इंग्रजी बेताचं, तिला मराठी शून्य. बाबांनी तिचं बोट धरून काळ्या पट्ट्यांवरून फिरवलं आणि खुणेनंच सांगितलं, पांढऱ्याला हात लावायचा नाही. काळी तीनला (तिसऱ्या काळ्या पट्टीला) सा धरला तर पाच काळ्या पट्ट्यांत अख्खा भूप राग बसतो, कुठेही बोट पडलं तरी बेसूर होत नाही. ती खालच्या बाजूला बदडतेय, वर बाबा एका हातानं भूप वाजवतायत. पाच-सात मिनिटं चाललं असेल. बाबांचा डावा हात शेवटपर्यंत मांडीवर होता, मधूनमधून हलत होता.

आणखी कुणी असे पियानो पाहिलेत का? वाजवलेत का? आणि आपल्याकडे असं काही जमेल का?

चिंगी८८

मस्तच! 'सूर मरतोय' वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

काळ्या पट्ट्यांची युक्ती आत्ता भाच्याच्या कॅसिओवर करून बघितली. खरंच भूप! बाबांना नमस्कार सांगा.

सूरदुरुस्त

@चिंगी८८, त्याच पाच पट्ट्या. आता सा काळी एकवर धरा. दुर्गा राग होतो. पट्ट्या बदलायच्या नाहीत, फक्त सा चं घर बदलायचं.

नीरव, पियानो लावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे दोन पैशांची भर घालतो. तिकडे हे जमतं त्याचं पहिलं कारण कला नसून अडगळ आहे. एकेकाळी तिकडच्या मध्यमवर्गीय घरात पियानो असणं म्हणजे आपल्याकडे शोकेस असण्यासारखं होतं. १९०९ या एका वर्षात अमेरिकेत साडेतीन लाखांच्या वर पियानो तयार झाले. मग ग्रामोफोन आला, रेडिओ आला. आता आजीचा पियानो कुणालाच नको. फुकट देतो म्हटलं तरी नेत नाहीत, कारण उभा पियानो दोन-अडीचशे किलोचा, उचलायला चार माणसं आणि टेम्पो. तेव्हा कुणी 'रंगवून रस्त्यावर ठेवतो' म्हणाला की लोक आनंदानं देतात.

आणि हवा! आत दोनशेच्या वर तारा असतात, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टन. तो ताण पेलणाऱ्या खुंट्या लाकडात ठोकलेल्या. लाकूड दमटपणानं फुगलं, उन्हानं आटलं की सूर गेला. मुंबईच्या पावसाळ्यात बंद खोलीतला पियानो मला सतावतो, तिथे रस्त्यावरचा म्हणजे पाणी पिऊन मेलाच समजा. बॉस्टनला दोन आठवडे ऑक्टोबरची कोरडी हवा, तरी प्रत्येकासोबत प्लॅस्टिकचं कापड होतं असं ऐकलंय.

नीरव

हो, होतं. आणि पाऊस आला की ते टाकायला जवळपास राहणारे स्वयंसेवक ठरलेले होते. आमच्या चौकात एक आजी होत्या, ढग दिसले की छत्री घेऊन हजर.

तिरकस_बाण

लेख बरा आहे, पण हे कौतुक जरा जास्त होतंय असं नाही वाटत? एका माणसानं रस्त्यावर जुनी वाद्यं ठेवली, वर एक ओळ लिहिली, आणि झाला कलाकार. रंगवलं दुसऱ्यांनी, वाजवलं तिसऱ्यांनी, झाकलं त्या आजींनी. याचं काम काय?

आणि लोकसहभाग म्हणाल तर आपल्याकडे तो शेकडो वर्षं चालूय. वारीत कुणी तिकीट काढून टाळ वाजवतं का? दिंडीत शिरा, टाळ घ्या, चाला. त्याला कुणी ब्रिस्टलचा यावा लागला नाही.

फोंडेकर

बाणराव, टाळ ठीक आहे हो. पण दिंडीत पखवाजाला हात लावून बघा, बुवा कसे बघतात ते.

आमच्या गोव्यात दोन जगं आहेत. फोंड्याकडे देवळात पेटी-तबला, तिकडे मडगाव-साष्टीकडे जुन्या घरांतल्या हॉलात पियानो. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना नोटेशन शिकवायचे. त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात गोंयकार वादक भरले. माझ्या मित्राच्या मडगावच्या घरात त्याच्या पणजीआजीच्या काळचा पियानो आहे. वरून झकास पॉलिश, आत वाळवीचं वारूळ. लग्नात त्यावर केक ठेवतात.

(अवांतर: धाग्यात पेटी आली की भांडण येतंच. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती हे इथल्या तरुण मंडळींना माहीत नसेल. कारण काय, तर तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) नाहीत. पियानोत तरी कुठे आहेत?)

मंजिरी_क

माझी गोष्ट नीरवच्या बाबांच्या उलट आहे.

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात पेटी होती. एकादशीला भजन. मी आठ-नऊ वर्षांची असताना भजन संपल्यावर एक पट्टी दाबली. भाता चालू नसल्यामुळे आवाजही आला नाही. तरी बुवांनी हातावर चापट मारली. "पोरींनी हात लावायचा नसतो, पट्ट्या ढिल्या होतात." हे शास्त्र कुठल्या ग्रंथात आहे देव जाणे. पुढे शहरात आल्यावर क्लास लावला, दोन परीक्षाही दिल्या.

२००९ च्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या कामानिमित्त लंडनला होते. तिथे ३० पियानो ठेवले होते त्या वर्षी. ऑफिसं सुटायच्या वेळी एका पियानोपाशी उभी होते. मोकळाच होता. वीस मिनिटं उभी राहिले, घड्याळात बघितलंय. एक बाई आली, तिला धड काहीच येत नव्हतं, एका बोटानं टिंग टिंग करून हसत निघून गेली. मला तिच्यापेक्षा कितीतरी जास्त येत होतं. मी नाही बसले. अगदी वर लिहिलेलं असूनही. साडी नव्हती, कुणी ओळखीचं नव्हतं, कुणी चापट मारणार नव्हतं.

म्हणून @तिरकस_बाण, त्या एका ओळीचं काम काय असं विचारलंत, तर मला वाटतं तेच सगळ्यात अवघड काम आहे. ते माझ्या बाबतीत फसलं, ही गोष्ट वेगळी.

तिरकस_बाण

मंजिरीताई, माघार. अर्धी.

गोट्या_इंजिनीअर

मंजिरीताईंच्या मुद्द्यावरून आठवलं. कँडी चँग या कलाकार बाईंनी २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्सला असंच केलं होतं. जवळची व्यक्ती गेल्यावर तिनं एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला आणि छापून ठेवलं, 'मरण्यापूर्वी मला ___ करायचंय', पुढे मोकळी जागा. ओळीनं तसंच. शेजारी खडू. दुसऱ्या दिवशी भिंत भरून रस्त्यापर्यंत आली होती. मग तशाच भिंती जगभर झाल्या, भारतातही.

तिथे मंजिरीताई थांबल्या नसत्या असं मला वाटतं. खडूनं लिहिलं की निघून जायचं, कुणी लिहिलं ते कुणाला कळत नाही. पियानोत तुम्ही वाजवताय हे अख्ख्या चौकाला ऐकू जातं. पुसताही येत नाही.

मंजिरी_क

बरोबर. भिंतीवर मी नक्की लिहिलं असतं. काय, ते विचारू नका :)

ठाणेकर_नाना

आपल्याकडे जमेल का, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. जमलं होतं, अकरा दिवस.

आमची सोसायटी, सहा इमारती. सोसायटीचं नाव लिहीत नाही, कमिटीतले दोघं इथे वाचक आहेत. तीन वर्षांपूर्वी दिवाळी पहाटसाठी मी माझी जुनी पेटी खाली आणली. साडेतीन सप्तकांची, आवाज जरा नाकात, पण सुरात. कार्यक्रम झाल्यावर परत वर न्यायचा कंटाळा आला (चौथा मजला, लिफ्ट बंद). बायको म्हणाली, राहू दे खालीच, वाजवेल कुणी. गेटजवळच्या शेडमध्ये टेबलावर ठेवली, चादर घातली, पुठ्ठ्यावर लिहिलं, 'कुणीही वाजवावी. झाल्यावर चादर टाकावी.' मी ना त्या जेरमचं नाव ऐकलं होतं, ना काही.

पहिले दोन दिवस पोरांनी नुसती भात्याची उघडझाप केली. तिसऱ्या दिवशी सी विंगमधल्या जोशीकाकू, ज्या गेली सात वर्षं फक्त पार्किंगवरून बोलायच्या, त्या संध्याकाळी येऊन अभंग वाजवून गेल्या. एका पोरानं सरबत सांडलं, दोन पट्ट्या चिकटल्या, मी ब्लेडनं साफ केल्या. एवढंच नुकसान.

पण खरा वादक दुपारी यायचा. आमचा वॉचमन. बीडकडचा माणूस, तिशीतला. दुपारी दोन ते तीन गेटवर चिटपाखरू नसतं. माझी दुपारची झोप एकदा पेटीनं मोडली. खिडकीतून बघितलं तर हा. टोपी काढून टेबलावर, एक पाय खुर्चीच्या दांड्यावर, डोळे मिटलेले, आणि काय हात! गावाकडे वडिलांची पार्टी होती म्हणे भजनाची. मी खाली गेलो तर ताडकन उभा राहिला, "सॉरी साहेब." मी म्हटलं, अरे वाजव रे बाबा. वाजवलं त्यानं, पण मी उभा आहे तोवर मगाचसारखं नाही.

अकराव्या दिवशी मीटिंग. तक्रार अशी की वॉचमन ड्युटीवर पेटी वाजवतो. मी म्हटलं, मोबाईल बघत बसतो त्याचं काय? त्याला कुणाची हरकत नव्हती, कारण त्याचा आवाज येत नाही. ठराव झाला की सोसायटीच्या जागेत खासगी वस्तू नको. पेटी ऑफिसच्या कपाटात. मी रागावलो होतो, परत मागितलीच नाही. वॉचमन पुढच्या महिन्यात दुसऱ्या साइटवर गेला, एजन्सीनं बदली केली. आमच्यामुळे की नेहमीची, ते कुणी सांगितलं नाही.

चिंगी८८

नाना :(

तिरकस_बाण

उरलेली अर्धी माघारही घ्या.

सूरदुरुस्त

नाना, तुमच्या पुठ्ठ्यावरचं दुसरं वाक्य मला फार आवडलं. 'झाल्यावर चादर टाकावी.' कुणी टाकायचं का?

ठाणेकर_नाना

रोज. अकराच्या अकरा दिवस. कुणी टाकायचं ते माहीत नाही.

फोंडेकर

पेटी सध्या कुठाय?

ठाणेकर_नाना

त्याच कपाटात. किल्ली सेक्रेटरींकडे. बाजूला सत्यनारायणाचा चौरंग आणि क्रिकेटचे स्टंप.

नीरव

नाना, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. पूर्ण ऐकल्यावर पहिला प्रश्न: "तीन वर्षं बंद?" मग एका दमात: भात्याचं कापड दुमडीवर फाटलं असणार, कसर लागली असेल तर आतला फ्लॅनेल गेला, सुरांच्या धातूच्या पत्त्यांवर गंज धरला असेल तर घाईनं वाजवू नका, आधी नुसता भाता मारून हवा कुठून सुटते ते ऐका. पेटी आडवी ठेवलीय की उभी? उभी असेल तर आजच आडवी करा.

आणि विचारतायत, ती दुपट सुरांची (दर पट्टीला दोन पत्त्या) आहे की एकपट?

ठाणेकर_नाना

दुपट. ठेवलीय उभीच, स्टंपांना जागा हवी म्हणून.

नीरव

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीला ठाण्याला आत्याकडे येतायत. कान अजून शाबूत आहेत, पेचकस आणि पॉलिश पेपर स्वतः आणतो म्हणाले. तुम्हाला अडचण नसेल तर.

ठाणेकर_नाना

अडचण कसली. रविवारी या, दुपारी दोनला, तेव्हा खाली कुणी नसतं. लिफ्ट चालू आहे सध्या. किल्लीचं मी बघतो.